कुरळा पूडल, सडसडीत कारवान

पूडल कुत्रा आपल्याला बहुधा चित्रातूनच माहीत असतो. अंगावर कापसाच्या बोंडांसारखे केसांचे गोळे, मधले अंग भादरलेले, एकूण श्रीमंताघरचा शोभेचा प्राणी. मुळात मात्र हा कामकरी कुत्रा आहे आणि त्याचे काम पाण्यातले. शिकाऱ्याने टिपलेले बदक तळ्यात पडले, की त्याने पोहत जायचे, पक्षी तोंडात अलगद धरायचा आणि दात न लावता मालकाच्या हाती आणून द्यायचा. 'पूडल' हे नाव पाण्यात डुंबण्याच्या अर्थाच्या एका जर्मन शब्दावरून पडले. फ्रेंच भाषेतील त्याच्या 'कानिश' या नावात तर 'बदक' हाच शब्द दडला आहे.

शिकारी कुत्रे आपल्या मराठवाड्यातही आहेत. लातूर जिल्ह्यातील जानवळसारख्या गावांत आणि आसपासच्या भागात कारवान आणि पश्मी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या कुत्र्यांपासून ती निपजली असे मानले जाते. 'कारवान' म्हणजे तांडाच. कर्नाटकातील मुधोळ कुत्राही याच घराण्यातला. आता पूडल आणि कारवान शेजारी शेजारी उभे केले तर काय दिसेल? एकाचे अंग दाट कुरळ्या केसांनी झाकलेले, दुसऱ्याच्या बरगड्या मोजता येतील इतके सडसडीत. आणि तरीही दोघांची प्राणिजात एकच! मग एवढा फरक आला कोठून?

आधी केसांचे पाहू. थंड पाणी अंगातील उष्णता झपाट्याने ओढून नेते. दाट कुरळ्या केसांत हवा अडकते आणि आत शिरलेले पाणीही जागच्या जागी थबकते. त्यामुळे कातडीलगतचा थर सारखा बदलत नाही आणि ऊब टिकते. पण भिजलेले केस जड होतात व पोहताना अडथळा करतात. म्हणून मागचे अंग भादरायचे आणि छाती व सांधे यांवरचे केस राखायचे, अशी पद्धत पडली, असे परंपरेने सांगतात. आज जी फॅशन वाटते, तिचे मूळ हे असे कामात आहे.

हाच कुत्रा मे महिन्यात लातूरच्या माळावर धावायला सोडला तर? कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग. धावताना स्नायूंत प्रचंड उष्णता तयार होते आणि दाट केसांखाली ती कोंडते. शिवाय कुसळे, गोखरू आणि गोचिडी यांना कुरळ्या केसांत आयतेच घर मिळते. कारवानची आखूड, चिकटून बसलेली लव येथे सोयीची. पश्मीच्या कानांवर, पायांवर आणि शेपटीवर तेवढी रेशमी झालर असते. 'पश्म' या फारसी शब्दाचा अर्थच लोकर.

केसांचे हे प्रकार ठरतात कसे? २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांचा त्यात अभ्यास होता. केसांच्या ठेवणीतील बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांतील बदलांनी उलगडते, असे त्यात दिसले : एक जनुक केसांच्या लांबीचे, दुसरे कुरळेपणाचे, तिसरे दाढीमिशांचे. थोड्या जनुकांची वेगवेगळी जुळणी आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाने केलेली निवड, एवढ्यावर ही किमया झाली.

निवड केसांपुरती थांबली नाही. पाण्यातला कुत्रा पक्षी कोठे पडला ते ध्यानात ठेवतो आणि लव्हाळ्यात शिरल्यावर नाकाने शोध घेतो. कारवान मुख्यतः नजरेवर धावतो. लांब नाकाडाच्या कुत्र्यांत डोळ्याच्या पडद्यावरील चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. सपाट माळावर दूर हललेला ससा टिपायला ही रचना फार उपयोगी. भरधाव धावताना त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटलेले असतात. थोडक्यात, कुत्र्याचे शरीर म्हणजे त्याच्या कामाची नोंदवहीच.

मग कामच थांबले तर? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि ती योग्यच आहे. सशाला आणि काळविटालाही जगायचे आहे. पण ज्या कसोटीवर हे कुत्रे निवडले जात होते, ती कसोटी त्यामुळे गेली. पूडलचे असे पूर्वीच झाले. माणसाने त्याला कामाऐवजी रूपासाठी निवडायला सुरुवात केली, घरात मावेल असा लहान लहान करत नेला. निवडीचा निकष बदलला की जातही बदलते. मोजक्याच देखण्या नरांपासून वीण घेतली, तर जवळच्या नात्यात संकर होऊन आनुवंशिक दोष वर येण्याचा धोका वाढतो.

तरी वाट बंद झालेली नाही. पाण्यातून वस्तू उचलून आणण्याच्या परीक्षांना अमेरिकेत आजही पूडल उतरतात आणि पारही पडतात. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. मराठवाड्यात आखाड्यावरची राखण हे काम आहेच. सशाऐवजी यंत्राने ओढलेल्या चिंधीमागे कुत्री धावण्याच्या शर्यती अनेक देशांत होतात. त्यात वेग आणि नजर पारखता येते, जीव कोणाचाच जात नाही. खोल छाती आणि लांब पाय यांबरोबर दम, स्वभाव आणि आरोग्य यांचीही नोंद पाळणाऱ्यांनी ठेवली, तर कारवान केवळ दिसण्यापुरता उरणार नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एकीला पातळ सुती फडके गुंडाळा, दुसरीला लोकरीचा मफलर. दोन्ही थंड पाण्याच्या बादलीत ठेवा आणि दर पाच मिनिटांनी आतले तापमान लिहा. मग दोन्ही बाहेर काढून वाऱ्यात ठेवा व कोणते कापड आधी वाळते ते पाहा. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारा : गोदावरीच्या पात्रात उतरायचे असेल तर कोणता अंगरखा हवा, आणि लातूरच्या माळावर धावायचे असेल तर कोणता? उत्तर त्यांनी आकडे समोर ठेवून द्यावे, एवढाच आमचा आग्रह.