राख दिसते, धुराडं दिसत नाही

मंडळी, थंड देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरी फायरप्लेस असते. तिची सफाई म्हणजे राख काढणं, असं वाटतं ना? पण खरी काळजी घ्यायची ती वर, धुराड्याची.

आता बघा, लाकूड ओलं असलं की ते धुमसतं. त्या धुरातले डांबरासारखे पदार्थ धुराड्याच्या थंड भिंतींवर जमतात. हेच क्रिओसोट. ते पेटलं, तर आग धुराड्यातून थेट छपरापर्यंत पोचू शकते. म्हणून लाकूड सुकं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. थर ३ मिलिमीटरचा होण्याआधीच धुराडं घासून घ्यायचं. आणि थर दिसो न दिसो, दरवर्षी थंडीआधी ते जाणकाराकडून तपासून घ्यायचंच. कारण पक्ष्याच्या घरट्यानंसुद्धा धुराडं तुंबतं, आणि मग कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरतो. त्याला वास नसतो; त्यासाठी घरात गजर देणारं यंत्र हवंच.

आणि राख? राखेखाली निखारा जिवंत राहतो, हे चुलीपुढे बसलेल्या आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कधीकधी तो दोन-तीन दिवससुद्धा विझत नाही. तेव्हा राख कागदी पिशवीत भरू नका. झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, आणि डबा घराबाहेर, भिंतीपासून लांब ठेवा.