कमी गुण आणि डॉक्टरकीच्या वाटा : इथल्या आणि परदेशातल्या

आज हॉलमध्ये नेहमीच्या मंडळींपेक्षा पालक जास्त दिसताहेत, आणि मुलं आईवडिलांपासून दोन खुर्च्या सोडून बसली आहेत. त्यावरून नीटचा निकाल लागून फार दिवस झालेले नाहीत हे कळतंच. आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, प्रवेशाचा सल्लागार नव्हे. ते म्हणाले, सल्लागार रत्नागिरीत पुष्कळ झालेत, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ठीक आहे.

आधी 'कमी गुण' म्हणजे काय ते पाहू. २०२४ च्या सुधारित निकालात देशातल्या १७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. वर्षभरात मुलं मठ्ठ झाली का? नाही, पेपर अवघड निघाला. तेव्हा 'शेजारच्याला दोन वर्षांपूर्वी अमुक गुणांवर सीट मिळाली होती' हे वाक्य घरात बोलायचं बंद करा. गुण हा नुसता आकडा, त्याला अर्थ येतो तो रँकमुळे. त्यातही देशातली रँक वेगळी, राज्याच्या यादीतला क्रमांक वेगळा.

दुसरा शब्द 'पात्र'. २०२५ मध्ये परीक्षा दिलेल्या सुमारे बावीस लाखांपैकी बारा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे अकरा लाख घरांत 'पात्र' असा शिक्का असलेला कागद आहे आणि जागा नाही. परदेशी शिकायचं तरी २०१८ पासून नीट पात्र असावंच लागतं. तुमच्या मोबाइलवर निकालाच्या दिवसापासून जे फोन सुरू झालेत ना, ते या अकरा लाखांसाठीच असतात. 'अभिनंदन, तुमची मुलगी पात्र आहे!' वाक्य खरं आहे, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही.

आता इथल्या वाटा. माझ्या तरुणपणी सिंधुदुर्गही आपल्याच जिल्ह्यात होता, आणि या एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. डॉक्टर व्हायचं तर मुंबई, पुणे नाहीतर मिरज. आज चिपळूणजवळ डेरवणला २०१५ पासून खासगी महाविद्यालय आहे, सिंधुदुर्गात २०२१ पासून सरकारी आहे, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयाला जोडून २०२३ मध्ये शंभर जागांचं सरकारी महाविद्यालय सुरू झालं. पण एक गैरसमज काढून टाका. रत्नागिरीतलं महाविद्यालय रत्नागिरीकरांसाठी राखीव नाही. सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. विभागवार ७०:३० चं सूत्र होतं, तेही २०२० मध्ये रद्द झालं. तेव्हा पसंतीक्रम भरताना 'घराजवळचं आधी' असं करून नंदुरबार, गडचिरोली सोडून देऊ नका. कमी रँकच्या मुलाची सीट बऱ्याचदा तिथेच असते.

खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ती महाविद्यालयागणिक खूप बदलते. अभिमत विद्यापीठांचं तसं नाही. तिथे वर्षाला वीस-पंचवीस लाखांचे आकडे सर्रास दिसतात. यात मुलींच्या पालकांनी नीट ऐका. २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट ही की प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. कागद वेळेत काढले नाहीत म्हणून हा लाभ हुकतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकतो आणि इकडे माणसं किर्गिझस्तानच्या विमानाचं भाडं विचारत बसतात! आणि अजून कोणी 'डोनेशनवर सीट करून देतो' म्हणत असेल तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. राज्यात १९८३-८४ च्या सुमारास खासगी महाविद्यालयं निघाली, कॅपिटेशन फीवर १९८७ मध्ये कायद्याने बंदी आली, आणि आता प्रत्येक जागा नीटच्या यादीतूनच भरावी लागते.

आता परदेश. इथे मला माझ्या विषयात जरा शिरू द्या. सिसरो हा रोमन लेखक एक गोष्ट सांगतो. मेलॉसचा डायगोरस नावाचा एक नास्तिक होता. त्याला एका देवळात नेलं. भिंतीवर चित्रं लावलेली, वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांची. मित्र म्हणाला, बघ, आता तरी पटतं का? डायगोरस म्हणाला, पण नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे लावली आहेत? आपण समुद्रकाठची माणसं, आपल्याला हे वेगळं समजवायला नको. एसटी स्टँडसमोर पांढरा कोट घातलेल्या मुलामुलींचे फोटो असलेला फलक दिसला की डायगोरसची आठवण ठेवा.

आपल्या नैयायिकांनी हीच गोष्ट वेगळ्या अंगाने सांगितली आहे. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान केव्हा चालतं? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, अशी व्याप्ती सिद्ध असेल तेव्हा. 'अमक्यांचा मुलगा जॉर्जियाला गेला आणि डॉक्टर झाला, म्हणून आपलाही होईल' यात व्याप्ती कुठे आहे? जॉर्जियाला जाऊन डॉक्टर न झालेला एक जरी सापडला तरी हेतू व्यभिचारी ठरतो. आणि एक नाही, पुष्कळ सापडतात. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना इथे एफएमजीई परीक्षा द्यावी लागते, ३०० पैकी १५० गुण. जून २०२४ मध्ये बसलेल्यांपैकी साधारण एकवीस टक्के उत्तीर्ण झाले. पण इथे उलट्या बाजूनेही घाई नको. यात पुन्हा पुन्हा बसणारेही मोजलेले असतात, तेव्हा 'पाचातले चार कधीच डॉक्टर होत नाहीत' असं यातून निघत नाही. एवढं मात्र निघतं की पहिल्या फटक्यात पास होईल असं गृहीत धरून कर्जाचे हप्ते मांडू नयेत. संस्थावार निकालही वेळोवेळी प्रसिद्ध झालेले आहेत. एजंट ज्या विद्यापीठाचं नाव घेतो त्याच्यापुढचा आकडा आधी पाहा.

नियम बदललेत, तेही सांगतो. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, त्याच संस्थेत आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप, ती पदवी त्या देशात व्यवसाय करण्याच्या परवान्याला चालणारी, सगळं दहा वर्षांच्या आत. आणि परत आल्यावर इथे पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. मध्येच विद्यापीठ बदलणं यात बसत नाही. युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं, हजारो मुलं ऑपरेशन गंगामधून परत आली, आणि त्यांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद नाही असं सरकारने सांगितलं. त्याआधी चीनमध्ये शिकणारी मुलं कोविडमुळे घरी बसून होती. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले. हे सगळं कोणाला आधी दिसणार होतं? पण काहीतरी घडू शकतं, एवढं हिशेबात धरता येतं.

एक मुद्दा कोणी बोलत नाही, भाषेचा. वर्गात इंग्रजी असेल, पण खाटेवरचा रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलतो. इतिहास घेणं, म्हणजे रुग्णाला बोलतं करणं, हे वैद्यकशास्त्रातलं अर्धं शिक्षण. ते दुभाष्यामार्फत कसं होणार? जो मुलगा जाईल त्याने तिथली भाषा पहिल्या वर्षापासून मन लावून शिकली पाहिजे. मग तो राजापूरला परत येईल आणि आजी सांगेल, 'बाबा, पोटात कळ येता', तेव्हा पुढे काय विचारायचं ते त्याला सुचेल.

आता वर्षांचा हिशेब मांडू. इथे साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, साडेपाच. एक वर्ष थांबून पुन्हा नीट दिली आणि सीट मिळाली तर साडेसहा. परदेशात कमीत कमी साडेपाच, बहुतेक ठिकाणी सहा. मग एफएमजीई, मग इथलं एक वर्ष. सात वर्षं पक्की, वर किती ते परीक्षेवर. म्हणजे 'वर्ष वाया जाईल' म्हणून परदेशी पाठवणं हा युक्तिवाद टिकत नाही. टिकेल तो दुसराच : पुन्हा बसून गुण वाढतील असं मानायला काही कारण आहे का? बारावीच्या वर्षात आजारपण झालं, फिजिक्स कच्चं राहिलं, शिकवणी उशिरा लागली, ही कारणं दूर होण्यासारखी आहेत. दोनदा मन लावून दिली आणि गुण तिथेच घुटमळले, तर तिसऱ्यांदा बसवताना मुलाच्या चेहऱ्याकडेही बघावं. बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, नर्सिंग यांना घरात 'उरलेलं' म्हणत असाल तर मात्र तिकडे पाठवू नका. सहा महिन्यांत मूल ते उरलेपण शिकतं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, दोनच घेतो. पहिली : 'हापूसच्या कलमांची बाग गहाण ठेवून मुलीला परदेशी पाठवावं का?' माझं उत्तर, बागेच्या उत्पन्नातून एफएमजीईची दोन जादा वर्षं धरूनही हप्ते जात असतील तर विचार करा. आंबा एका वर्षी येतो, एका वर्षी येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याआधी राज्याच्या शेवटच्या कॅप राउंडपर्यंत थांबा. एजंट 'उद्यापर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर सीट जाईल' म्हणाला तर ती जाऊ द्या.

दुसरी चिठ्ठी मुलाच्या अक्षरातली आहे. 'सर, मला डॉक्टर व्हायचंच नाहीये, हे घरी कसं सांगू?' नाव लिहिलेलं नाही, बरं केलंस. कार्यक्रम संपल्यावर मी अर्धा तास बाहेर पायरीवर बसलेला असेन, ये.