शब्द पालटले, चिन्हे राहिली

एखाद्या दरबारावर परकीय संस्कार किती झाला, हे केवळ त्याच्या भाषेवरून ठरवू गेल्यास फसगत होण्याचा संभव असतो. रायगडाचेच उदाहरण घ्यावे. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. राजाज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात, राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंतच्या दहा वर्गांत, फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले.

परंतु समारंभास उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने सिंहासनाच्या बाजूंस काय पाहिले? सोनेरी भाल्यांच्या टोकांवर एकीकडे मोठ्या दातांची दोन सुवर्ण मत्स्यमुखे. दुसरीकडे अश्वपुच्छे व सोन्याचा तराजू. ही राजचिन्हे मुसलमानी दरबारांच्या रीतीची असल्याचे त्यानेच नोंदविले आहे. मत्स्यमुखांचे मोगलांच्या माही-मरातबाशी असलेले नाते तर उघड आहे.

यात विसंगती मानण्याचे कारण नाही. पदनाम बदलण्यास आज्ञा पुरते; वैभवाचे चिन्ह मात्र पाहणाऱ्यास ओळखू यावे लागते, आणि त्या काळी सार्वभौमत्वाची हीच खूण सर्वपरिचित होती. शब्दांच्या बाबतीतही आज्ञेस मर्यादा होतीच. ‘पेशवा’ कागदावर मुख्यप्रधान झाला खरा, पण अठराव्या शतकात ज्या घराण्याकडे सत्ता गेली, त्यास लोक पेशवे म्हणूनच ओळखीत राहिले. पडदा, गालिचा, शाल, रुमाल हे शब्द तर घरोघरी रुजले.

तात्पर्य, कोश हा धोरणाचा पुरावा होय, रूढीचा नव्हे. अभ्यासकाने हे दोन्ही निराळे तपासावेत.