डिस्कचा पत्ता

वर्धा जिल्ह्यात सिंदी दोन आहेत. आमची सिंदी (मेघे) वर्धा शहराला चिकटून, तर सिंदी (रेल्वे) सेलू तालुक्यात, नागपूरच्या वाटेवर. कंसातला शब्द गाळला की पार्सल भलत्याच सिंदीला जातं. माझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. हार्ड डिस्क, रॅम असला माल बाहेरून मागवावा लागतो. त्यामुळे पिनकोड मी दोनदा वाचून दाखवते.

हा पिनकोड आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतचे पंडित, मूळ कोकणातले, केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव. एकाच नावाची अनेक गावं, नाना लिप्या आणि न लागणारं अक्षर यांवर उपाय म्हणून त्यांनी सहा आकडे लावले. १५ ऑगस्ट १९७२ पासून ते सुरू झाले. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या सॉर्टिंग जिल्ह्याचं ते सांगतात, शेवटचे तीन कुठल्या पोस्टाचं ते. वर्ध्याचा ४४२००१.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पत्त्याच्या याच पेचात असतो. ‘ही फाइल साठव’ असा हुकूम आला की त्याला दोन गोष्टी ठरवायच्या असतात: कुठली डिस्क, आणि त्या डिस्कवर कुठे.

आधी ‘कुठे’ बघू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एकावर एक चकत्या असतात आणि प्रत्येक बाजूला वाचणारं हेड. म्हणून पत्ताही तीन भागांचा होता: कितवा सिलिंडर, कुठलं हेड, कितवा सेक्टर. सेक्टर ५१२ बाइटचा. मशीन सुरू करणाऱ्या बायोसने या तिघांना अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट दिले. डिस्कच्या आयडीई जोडणीने १६, ४ आणि ८. दोघांनाही चालेल असा पत्ता हवा तर प्रत्येक जागी लहान आकडाच धरावा लागतो: १०, ४, ६. सेक्टर १ पासून मोजायचे, म्हणून ६४ नव्हे, ६३. करा गुणाकार: १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२. उत्तर सुमारे ५२ कोटी ८५ लाख बाइट. नव्वदच्या दशकात कुणी १ जीबीची डिस्क आणली तरी जुन्या मशीनला ५२८ एमबीच दिसायचे. पुढची जागा डिस्कवर होती, तिला पत्ता नव्हता.

गंमत म्हणजे तोवर हे तीन आकडे नावापुरतेच उरले होते. बाहेरच्या पट्ट्या लांब, तिथे जास्त सेक्टर बसतात. म्हणून डिस्क कर्नलला खोटीच मापं सांगायची आणि खरा हिशेब स्वतःपाशी ठेवायची. मग सरळ मार्ग निघाला: सेक्टर शून्यापासून ओळीने मोजा, चकती-हेडची चौकशी नको. याला एलबीए म्हणतात. पण तिथेही आधी २८ बिटच दिले, १३७ जीबीला गाडी अडली. २००२च्या सुमारास ४८ बिट आले. पार्टिशनची जुनी एमबीआर पद्धत ३२ बिटांची, म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आजही कुणाकुणाला २ टीबीचीच दिसते. त्यावर उपाय जीपीटी ही नवी पद्धत. दर वेळी ‘एवढे पुरतील’ म्हणून बिटांत कंजुषी झाली आणि दर वेळी ती अंगाशी आली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत आता सेक्टरचा आकडा ६४ बिटांचा आहे. एसएसडीत फिरणारी चकतीच नाही, तरी फाइली सांभाळणाऱ्या वरच्या फाइल सिस्टिमला पत्त्यासाठी काही बदलावं लागलं नाही, कारण तिला फक्त क्रमांक ठाऊक असतो.

‘कुठली डिस्क’ हे प्रकरण जास्त चिवट. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कला दोन आकडे असतात, मेजर आणि मायनर. पिनकोडसारखंच: मेजर सांगतो कुठला ड्रायव्हर, मायनर सांगतो त्याच्या हाताखालची कुठली डिस्क किंवा पार्टिशन. पूर्वी दोघांना ८-८ बिट होते. स्कझी जोडणीच्या डिस्कला १६ मायनर लागत, म्हणजे एका मेजरमध्ये १६ डिस्क. असे १६ मेजर राखून ठेवले, तरी २५६ डिस्कवर हद्द संपली. डिसेंबर २००३मध्ये आलेल्या २.६ कर्नलने मेजरला १२ आणि मायनरला २० बिट दिले.

आकडे वाढले, पण नावाचा घोळ राहिला. जुनी आयडीई डिस्क केबलवरच्या जागेनुसार नाव घ्यायची; एचडीसी ती एचडीसीच, मधली एचडीबी असो-नसो. एसडीए, एसडीबी ही नव्या पद्धतीची नावं मात्र कर्नलला जी आधी सापडेल तिला आधी मिळतात. कॉलेजची पोरं येतात, “ताई, काल चालत होतं, आज बूटच होत नाही.” बघते तर बूट होताना कुठली डिस्क जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एसडीए लिहिलेलं, आणि पोराने नवी डिस्क जोडल्यामुळे एसडीए दुसरीच झालेली.

यावरचा इलाज कर्नलच्या बाहेर ठेवला, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं झालं. नावं देणारी डेव्हएफएस ही सोय आधी कर्नलच्या आत होती. ती काढून काम युडेव्ह या बाहेरच्या प्रोग्रामकडे दिलं. कर्नल आकडे आणि एसडीएसारखी कामचलाऊ नावं देतो. युडेव्ह डिस्कवर लिहिलेला १२८ बिटांचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक वाचून त्या नावाने दुवा बनवतो. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, यूयूआयडी तोच.

हल्ली बरेच जण जुनी हार्ड डिस्क एसएसडीवर क्लोन करून घेतात, त्यांच्यासाठी एक सूचना. क्लोनमध्ये यूयूआयडीही जसाच्या तसा उतरतो, आणि एका मशीनवर एकाच ओळखीच्या दोन डिस्क होतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अशी दुसरी डिस्क माउंटच करू, म्हणजे वापरायला जोडू, देत नाही. बाकीच्यांत चुकीच्या डिस्कवर लिहिलं जाण्याचा धोका असतो. म्हणून क्लोन झाल्यावर मशीन चालू करण्याआधी जुनी डिस्क काढून ठेवा, किंवा तिचा यूयूआयडी बदलून घ्या. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम असेल तर ट्यून२एफएस या आज्ञेने ते मिनिटात होतं. आणि एफएसटॅबमध्ये एसडीए लिहिलेलं दिसलं, तर ते खोडून तिथे यूयूआयडी लिहा.