हिवाळ्यातील तहान : शीत प्रदेशातील सदापर्णी झुडपांची जोपासना

आपल्याकडील साग उन्हाळ्याच्या तोंडावर पाने का टाकतो, हे विद्यार्थ्यास सहज सांगता येते. जमिनीतील ओल आटते, आणि पानांवाटे पाण्याचा व्यय तर चालूच असतो. अमेरिकेच्या ईशान्य भागातील मेपल वृक्ष शरदात पर्णहीन होतो, त्याचे कारण मात्र केवळ थंडी असे समजले जाते. वस्तुतः तेथेही प्रश्न काही अंशी पाण्याचाच आहे. गोठलेल्या जमिनीतील पाणी मुळांच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय. अशा प्रदेशात हिवाळाभर पाने राखणाऱ्या झुडपास शैत्य आणि शोष अशा दोन्ही संकटांना तोंड द्यावे लागते. झुडूप करपले की दोष शैत्यास दिला जातो. पुष्कळदा खरे कारण शोष असते.

वनस्पतींची निवड करताना तेथे किमान तापमानाचे नकाशे वापरतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटम (स्थापना १८७२) या वृक्षोद्यानातील आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ साली असा एक नकाशा प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या कृषी खात्याचा पहिला नकाशा १९६० साली निघाला व अलीकडची सुधारित आवृत्ती २०२३ साली. तीत वार्षिक नीचतम तापमानाच्या सरासरीवरून १३ पट्टे पाडले आहेत. नकाशा उपयुक्त खरा. परंतु वारा, ऊन, बर्फाचा थर आणि जमिनीतील ओल यांविषयी तो काहीच सांगत नाही.

शोषाची क्रिया अशी घडते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात, निरभ्र दिवशी, उन्हाने पाने सभोवारच्या हवेपेक्षा उष्ण होतात. पर्णरंध्रे मिटलेली असली, तरी उपत्वचेतून थोडे पाणी जातच राहते, व कोरडा वारा तो व्यय वाढवितो. जमीन आणि खोडातील प्रकाष्ठ गोठलेले असल्याने ही तूट भरून निघत नाही. म्हणूनच पानांच्या कडा प्रथम तपकिरी होतात, आणि इजा बहुधा दक्षिणेकडील अथवा वाऱ्याच्या बाजूस अधिक आढळते.

अॅपलाचियन पर्वतावरील ऱ्होडोडेंड्रॉन मॅक्सिमम ही जाती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तापमान गोठणबिंदूखाली उतरू लागले की तिची पाने खाली लोंबतात व त्यांची सुरळी होते. थंडी वाढेल तसतशी ती अधिक घट्ट होते. ही हालचाल पाणी वाचविण्यासाठी असावी, हे मत जुने आहे. थंडीत प्रकाशसंश्लेषण मंदावते, अशा वेळी प्रखर प्रकाशाने पानास इजा पोहोचते. ती टाळणे व पहाटे गोठलेले पान एकाएकी वितळू न देणे, हेही हेतू पुढील संशोधनात मांडले गेले आहेत. याच प्रजातीच्या सिक्कीममधील अनेक जाती जोसेफ हुकर यांच्या १८४८–५० मधील प्रवासामुळे ब्रिटनमध्ये पोहोचल्या व तेथील सौम्य, दमट हिवाळ्यात रुळल्या. बॉस्टनसारख्या ठिकाणी मात्र कटॉबिएन्स ही अॅपलाचियन जाती व तिचे संकर अधिक भरवशाचे ठरतात.

यावरून जोपासनेचे नियम सहज निष्पन्न होतात. झुडूप इमारतीच्या उत्तरेस वा पूर्वेस, वाऱ्याच्या आडोशास लावावे. पाऊस अपुरा झाल्यास जमीन गोठण्यापूर्वी मुळांपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्यावे. पालापाचोळ्याचे वा चीडाच्या सुयांचे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडास भिडवू नये. त्याने जमीन उशिरा व कमी खोल गोठते. उन्हाळा सरताना नत्रयुक्त खत देऊ नये. दिवस लहान होऊ लागताच सुरू होणारी शीतसहिष्णुतेची तयारी उशिराच्या कोवळ्या वाढीने बिघडते. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचा पडदा उभारावा. प्लॅस्टिकने झुडूप गुंडाळणे मात्र घातक होय, कारण आत ऊन कोंडून पाने तापतात.

वसंतात तपकिरी झालेले झुडूप पाहून लगेच कुऱ्हाड उचलू नये. पान करपले म्हणजे कळी मेली असे नव्हे. सालीवर नखाने ओरखडा काढावा. आत हिरवेपणा दिसल्यास नवी पालवी येईपर्यंत थांबावे. घाईने उपटलेली कित्येक झुडपे केवळ तहानलेली असतात.