रानात वीज कडाडते तेव्हा कोणते सिम कामाला येते?



"फादर, कमी पैशात जास्त डेटा कोण देतो?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. हैदराबादेत राहून जहिराबाद, नारायणखेड, बोधन किंवा पलीकडे देगलूर-उदगीरकडची शेती सांभाळणारी आपली पुष्कळ मंडळी आहेत. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घरी खाटेवर पडून सिनेमा पाहणाऱ्याला तो शोभतो. वैशाखात दुपारी चारच्या सुमारास उघड्या रानात असलेल्या माणसाने मात्र निराळे विचारावे: आभाळ भरून आले, तर त्याचा इशारा माझ्या बांधापर्यंत कोणाच्या सिमवर पोहोचतो?

अमेरिकेत ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांत वसंत ऋतूमध्ये मोटारी घेऊन वादळाचा पाठलाग करणारे लोक आहेत. काही अभ्यासक, काही निव्वळ हौशी. त्यांतले जाणते लोक एकाच कंपनीच्या फोनवर विसंबत नाहीत, कारण रडारचे चित्र सारखे डोळ्यांपुढे हवे असते आणि वादळ तर नेमके टॉवर विरळ असलेल्या मुलखातून जाते. आपल्याकडे उलटा प्रकार आहे. आपण वादळामागे धावत नाही, वादळच आपल्या पाठी लागते. गरज मात्र तीच. २०२२ साली आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे.

इशारा तयार कसा होतो ते आधी पाहू. हैदराबादला हवामान खात्याचे डॉप्लर रडार आहे. ते वादळी ढग दुरून ओळखते, पण पृथ्वी गोल असल्याने त्याचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच उचलला जातो. दोनशे किलोमीटरवर तो सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो. म्हणजे दूरच्या गावावरील ढगाचा माथा दिसतो, पायथा दिसत नाही. विजेसाठी दुसरी सोय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर संवेदक बसवले आहेत. वीज चमकली की तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात, त्या निरनिराळ्या संवेदकांवर किंचित मागेपुढे पोहोचतात, आणि त्या फरकावरून वीज कोठे पडली ते काढले जाते. हीच माहिती 'दामिनी' या मोफत अ‍ॅपवर येते. आपल्या जागेपासून वीस व चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात विजा होत असतील तर ते सावध करते. वादळ ताशी चाळीस किलोमीटरने येत असेल, तर वीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास. बैल सोडून, पंप बंद करून घर गाठायला तेवढा वेळ पुरतो. इशारा पंधरा मिनिटे अडकून पडला तर पुरत नाही.

आता सिमकडे वळू. असा इशारा म्हणजे चार ओळींचा मजकूर. रडारचे चित्रसुद्धा एखाद्या फोटोएवढेच. त्याला ५जीचा वेग लागत नाही, रोजचे दोन जीबीही लागत नाहीत. लागते ती पोच. कमी कंपनसंख्येच्या लहरी, म्हणजे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, दूरवर जातात आणि झाडी-भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग देतात, पण लवकर थकतात. तेव्हा शहरातली जाहिरात पाहून सिम घेणे म्हणजे सोलापूरची जमीन पाहून कोकणात बी पेरण्यासारखे आहे.

कंपन्यांमधला एक फरक ध्यानात ठेवावा. २०१६ साली सुरू झालेल्या जिओकडे २जी नाहीच, म्हणून जुन्या बटणांच्या २जी फोनमध्ये ते सिम चालत नाही. एअरटेल आणि व्हीआय यांचे २जी अजून आहे, त्यावर निदान बोलणे आणि संदेश चालतात. बीएसएनएलचे टॉवर पुष्कळदा अशा आडगावी आहेत जेथे इतर कोणी गेले नाही, पण डेटाच्या बाबतीत ते फार मागे राहिले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी देशी बनावटीचे ४जी देशभर सुरू केले. म्हणून पूर्वीच्या अनुभवावरून त्यांना कायमचे बाद करू नये, पुन्हा एकदा तपासावे. कोणती कंपनी उत्तम, असे सरसकट सांगणारा माणूस तुमच्या शेतात उभा राहिलेला नसतो!

कोणाचे नेटवर्क कोठवर आहे याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर द्यावेत, असा ट्रायचा नियम आहे. ते जरूर पाहावेत. पण नकाशात तुमची विहीर, ओढ्याची घळ किंवा उभा ऊस दिसत नाही. खरी तपासणी पायी होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निरनिराळ्या कंपन्यांचे फोन घेऊन विहिरीपाशी, गोठ्यात आणि सर्वांत लांबच्या बांधावर जा. नुसत्या दांड्या मोजू नका. दांड्या टॉवर किती जवळ वाटतो ते सांगतात, त्यावर किती गर्दी आहे ते सांगत नाहीत. प्रत्येक जागी दामिनी उघडून पाहा. सकाळी एकदा आणि सारा गाव फोनवर असतो तेव्हा संध्याकाळी एकदा. मी स्वतः एका कंपनीच्या भरल्या दांड्यांवर विसंबून सीमेवरच्या एका वाडीत गेलो होतो. परतीच्या वाटेवर पाऊस गाठीपर्यंत फोनमध्ये काहीही आले नाही. रात्री शहराजवळ पोहोचलो तेव्हा दुपारचे सर्व इशारे एकदम वाजू लागले.

ज्यांना परवडेल त्यांनी दोन कंपन्यांची सिम एकाच फोनात ठेवावीत. येथे एक फसगत होते. पुष्कळदा दोन-तीन कंपन्यांची यंत्रे एकाच टॉवरवर टांगलेली असतात. वादळात तारा तुटून वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, आणि बॅटरी संपली की सर्व कंपन्या एकदम मुक्या होतात. मग दोन सिमचा उपयोग काय? म्हणून गावात विचारून घ्यावे की कोणाचा टॉवर कोठे आहे, आणि शक्यतो दोन वेगळ्या दिशांच्या टॉवरवर चालणारी सिम निवडावीत.

डेटा नसतानाही पोहोचणारा एक इशारा आहे. २०२३ साली आपल्या फोनवर एकाएकी कर्कश आवाज होऊन सरकारी चाचणीचा संदेश आला होता, तो पुष्कळांना आठवत असेल. काहीजण घाबरलेही होते. तो नेहमीचा एसएमएस नव्हता. टॉवर आपल्या छायेतील सर्व फोनांना तो एकदमच सांगतो, जसा दवंडीवाला चावडीपुढे एकदाच ओरडतो. नंबर लागत नाही, डेटा लागत नाही, गर्दीत तो अडकतही नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत ना, एवढे पाहावे. सीमेवरच्या गावांत फोन कधी तेलंगणाचा तर कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, त्यामुळे पलीकडच्या जिल्ह्याचा इशाराही येईल. तो वाऱ्यावर सोडू नका, वादळाला सीमा नसते.

दामिनीसाठी मात्र डेटा आणि लोकेशन दोन्ही चालू हवीत. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर फोन पाठीमागची अ‍ॅप झोपवून टाकतो. तेव्हा त्या यादीतून दामिनीला वगळावे.

आणि काहीच पोहोचले नाही तर? वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट. मोबाईलमुळे वीज ओढली जाते हा समज खोटा आहे, पण चार्जरच्या तारेला लावलेला फोन त्या वेळी हातात धरू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. त्याला शेणात पुरून ठेवण्यात अमोल वेळ जातो. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर ताबडतोब छाती दाबणे सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

तपासणीनंतर कंपनी बदलायची ठरली, तर नंबर तोच राहतो. पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० ला संदेश पाठवा. उत्तरात आलेला कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत, आणि बदलास काही दिवस लागतात. म्हणून हे काम माघ-फाल्गुनातच उरकावे, वळवाचे ढग दिसू लागल्यावर नव्हे.