हप्ते थकले म्हणून परवाना जातो का?

अमेरिकेत नर्स, दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट असलेल्यांच्या घरी ही भीती हमखास ऐकू येते: शैक्षणिक कर्ज थकलं की सरकार व्यवसायाचा परवानाच काढून घेतं. भीती निराधार नाही, पण तिच्याभोवती चुकीच्या समजुती पुष्कळ आहेत.

‘हा सगळ्या अमेरिकेचा कायदा आहे.’ नाही. परवाने राज्यं देतात आणि काढूनही तीच घेतात. 1990 मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने थकबाकीदारांचे परवाने रोखा असं राज्यांना सुचवलं आणि अनेकांनी तसे कायदे केले. 2017 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शोध घेतला तेव्हा अशी 19 राज्यं सापडली. एकट्या टेनेसीत 2012 ते 2017 या काळात वेगवेगळ्या व्यवसायांतल्या 5,400 हून अधिक लोकांची नावं परवाना मंडळांकडे गेली होती.

‘एखादा हप्ता चुकला की संपलं.’ तसंही नाही. सरकारी कर्ज बुडीत ठरायला साधारण 270 दिवस हप्ते थकावे लागतात. त्यानंतर मात्र चक्र वेगाने फिरायचं. फ्लोरिडाचा कायदा तर खास आरोग्यसेवकांसाठीच होता. राज्याच्या आरोग्य खात्याकडून नोंदणीकृत पत्र निघालं की 45 दिवसांत परतफेडीचा नवा करार दाखवायचा, नाहीतर तातडीचा आदेश काढून परवाना निलंबित. हे दिवस पत्र हातात पडल्यापासून नव्हे, टपालात टाकल्यापासून मोजले जायचे. घर बदललेल्या नर्सचं काय होत असेल याचा विचार करा. नवा करार झाला की निलंबन उठायचं, पण कर्ज फिटेपर्यंत देखरेख आणि वर थकीत रकमेच्या 10 टक्के दंड.

‘धाक नसेल तर कोणी पैसे भरणार नाही’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. सरकारी कर्ज बुडालं तर कोर्टात न जाताही हातात येणाऱ्या पगाराच्या 15 टक्क्यांपर्यंत रक्कम परस्पर कापून घेता येते, आयकराचा परतावाही अडवता येतो. वसुलीची साधनं होतीच. परवाना गेला की पगार थांबतो आणि कापायलाही काही उरत नाही. शिवाय वॉर्डातली एक प्रशिक्षित नर्स कमी होते, त्याची झळ रुग्णाला. हे पटल्यामुळेच टेक्ससने 2019 मध्ये असा कायदा रद्द केला. फ्लोरिडातली तरतूद 1 जुलै 2020 पासून गेली.

‘म्हणजे आता धोका टळला’ असं समजू नये. आरोग्यशिक्षणासाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने दिलेली किंवा हमी घेतलेली कर्जं आणि शिष्यवृत्त्या यांची बांधिलकी मोडली, तर मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांतून वगळण्याचा अधिकार त्या खात्याला आजही आहे. परवाना भिंतीवर तसाच राहतो, पण अशा व्यक्तीने दिलेल्या सेवेचे किंवा लिहिलेल्या औषधाचे पैसे या योजना देत नाहीत. मग तिला कामावर ठेवायला रुग्णालयंही धजावत नाहीत. गावातला एकमेव डॉक्टर असेल, तर राज्याच्या विनंतीवरून सूट मिळू शकते.

दिवाळखोरीतही शैक्षणिक कर्ज आपोआप माफ होत नाही. असह्य हलाखी कोर्टात सिद्ध करावी लागते.

आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकेचं सरकारी कर्ज मिळतच नाही. त्यांचं कर्ज बहुधा इथल्या बँकेचं, जामीनदार आई-वडील. ते थकलं तर सिबिल स्कोअर घसरतो, तारण ठेवलेलं घर अडकतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना किंवा तिथे जन्मलेल्या मुलांना मात्र सरकारी कर्ज मिळतं, म्हणून वरचं सारं त्यांच्या कामाचं. कर्ज बुडीत ठरलंच, तर 10 महिन्यांत 9 ठरलेले हप्ते वेळेवर भरून ते पुन्हा सुरळीत करून घेता येतं, आणि हे हप्ते उत्पन्न पाहून ठरवले जातात.